मावळचीं कंदीलपुष्पें

मावळ हें नांव उच्चारलें कीं मराठी मनापुढें प्रथम गड उभे राहतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हीं नांवें मुलांना शाळेंतच पाठ होतात, आणि त्या गडांच्या वाटा तुडविणारे मावळे इतिहासाच्या पानापानांत भेटतात. त्याहून मागें जावें तर कार्ल्याचीं व भाज्याचीं लेणीं आहेत. ह्या सर्वांचा इतिहास लिहिला गेला आहे व आवडीनें वाचलाही जातो. पण ज्या उतारांवरून मावळे चढले त्याच उतारांवर, गवताच्या पात्यांआड, दरवर्षीं श्रावण-भाद्रपदांत एक लहानसें फूल उमलतें. त्यालाही सुमारें साडेतीनशें वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत खंडाळा व लोणावळा ह्या घाटमाथ्यावरील गांवांचें नांव वरचेवर येतें. हें फूल म्हणजे कंदीलपुष्प.

वनस्पतिशास्त्रांत कंदीलपुष्पांच्या वंशाला सेरोपेजिया असें म्हणतात. वंश म्हणजे जणुं आडनांव, आणि जाति म्हणजे त्या आडनांवाचें एकेक घर. ह्या आडनांवाचीं घरें आफ्रिकेपासून अरबस्तान व हिंदुस्थान ओलांडून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलीं आहेत. भारतांत त्यांच्या पन्नासाहून अधिक जाती मोजल्या जातात, व त्यांतील निम्म्याहून अधिक जगांत दुसरीकडे कोठेंही उगवत नाहींत. ह्या स्वदेशी जातींचें मुख्य माहेर म्हणजे सह्याद्रि. रुई, उपळसरी व हरणदोडी ह्या परिचयाच्या वनस्पति कंदीलपुष्पाच्या भाऊबंदांपैकीं होत. रुईच्या बोंडांतून जशा रेशमी म्हाताऱ्या उडतात, तशाच कंदीलपुष्पाच्या जोडशेंगांतूनही उडतात. आप्तसंबंध ओळखण्यास एवढी खूण पुरे.

ह्या वनस्पतीचें आयुष्य मोठें चमत्कारिक आहे. लोणावळ्यास वर्षाकांठीं दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कातळ तापत राहतो. ह्या दोन टोकांमध्यें टिकून राहण्याची कंदीलपुष्पाची युक्ति म्हणजे त्याचा कंद. मृगाच्या सरी पडल्या कीं कंदांतून कोंब वर येतो. कांहीं जातींचा वेल होतो व तो जवळच्या कारवीला किंवा झुडुपाला विळखे घालीत चढतो. कांहीं जाती गवतांत वीतभर ताठ उभ्या राहतात. भाद्रपदाच्या सुमारास फुलें येतात, त्यामागून शेंगा धरतात, आणि पाऊस सरल्यावर सारें झाड वाळून जातें. वर कांहींच दिसेनासें होतें. परंतु खालीं, दगडांच्या फटींतील वीतभर मातींत, कंद जिवंत असतो. उन्हाळ्यांतला वणवा त्याच्या माथ्यावरून निघून गेला तरी पुढच्या मृगाला तो पुन्हां कोंब धरतो. असें हें बहुवर्षायु झाड वर्षांतले बहुतेक महिने जमिनीखालींच काढतें.

फुलाची रचना तर त्याहून विलक्षण. खालीं फुगीर कोठडी, तीवर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशीं पांच पाकळ्या. पण ह्या पाकळ्या इतर फुलांप्रमाणें मोकळ्या पसरत नाहींत, तर त्यांचीं टोकें वर एकमेकांना चिकटतात आणि मध्यें पांच झरोके राहतात. कंदिलाची आठवण होते ती ह्यामुळेंच. रंग हिरवट, पिवळसर किंवा मळकट पांढरा असून त्यावर जांभळे ठिपके असतात. लहान माशा वासाला भुलून झरोक्यांतून आंत शिरतात. नळीच्या आंतील बाजूस केस असतात व ते खालीं वळलेले असतात. त्यामुळें माशीला आंत उतरणें सोपें, पण वर चढणें अशक्य होतें. ती कोठडींत अडकते व फिरत राहते. फिरतां फिरतां तिच्या तोंडाला परागाचे चिमुकले पिंड चिमट्याप्रमाणें अडकतात. पुढें कांहीं काळानें नळींतले केस मलूल होतात, फूल कलतें, आणि कैदी सुटतो. तोच कैदी दुसऱ्या फुलांत फसला म्हणजे पहिल्या फुलाचा पराग दुसऱ्यांत पोंचतो. बीज धरावयाचें तर एकच माशी दोनदां फसली पाहिजे! दक्षिण आफ्रिकेंतील एका जातीसंबंधीं २०१६ सालीं असें सिद्ध झालें कीं, तिचें फूल शत्रूनें पकडलेल्या मधमाशीच्या वासाची नक्कल करतें, आणि अशा मधमाशीच्या अंगांतील रसावर जगणाऱ्या माशा त्या वासानें आंत ओढल्या जातात. फुलाची फसवणूक इतकी नेमकी असते. तरी तें माशीला मारीत नाहीं, काम करवून घेऊन सोडून देतें.

ह्या वनस्पतीची ओळख माणसाला दोन बाजूंनीं झाली. डोंगरांत राहणाऱ्या लोकांना कंद ठाऊक होता. ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांना फूल ठाऊक होतें. सह्याद्रींतील गुराखी, ठाकर व कातकरी ह्या वेलींना खरपुडी, हमण, पाताळतुंबडी अशीं नांवें देत आले आहेत. हीं नांवें सर्व ठिकाणीं एकाच जातीचीं असतात असें नाहीं. खोऱ्याखोऱ्याला तीं बदलतात. गुरें चारतांना पोरें कंद उकरून काढतात, पुसून कच्चाच खातात किंवा उकडून घेतात. कंद पिठूळ व पाणीदार असतो. ज्या जातींत कडवटपणा असतो तो उकडल्यानें कमी होतो. साळिंदर, रानडुक्कर आणि उंदीर हेही ह्या कंदाचे जुने गिऱ्हाईक आहेत. वाळलेल्या दोरीएवढ्या देठावरून खालचा कंद कोठें असेल हें सांगणारी ही विद्या कोणत्याही पुस्तकांत नव्हती. ती तोंडोतोंडीं चालत आली, आणि तोंडोतोंडीं चालणाऱ्या विद्येचा जसा शेवट होतो तसा तिचाही पुष्कळ ठिकाणीं होत आला आहे.

लेखी इतिहास सुरू होतो तो मावळांत नव्हे, मलबारांत. सतराव्या शतकांत कोचीन येथें डच लोकांचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानें तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ ह्या काळांत तो बारा खंडांत प्रसिद्ध झाला; हॉर्टस मलबारिकस हें त्याचें नांव. ह्या ग्रंथाचें खरें भांडवल इट्टी अच्युतन् नांवाच्या मल्याळी वैद्याचें, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट ह्या तीन कोंकणी ब्राह्मणांचें होतें. ह्या तिघांची साक्ष देवनागरी अक्षरांत पहिल्या खंडांत छापलेली आहे. छापील ग्रंथांत देवनागरी उमटल्याच्या अगदीं आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. अशा ह्या ग्रंथांत एका कंदीलपुष्पाचें चित्र आहे. पुढें स्वीडनचा लिनीयस यानें १७५३ सालीं सर्व वनस्पतींना दोनपदी लॅटिन नांवें दिलीं, तेव्हां हेंच चित्र त्याच्यासमोर होतें. झुंबराप्रमाणें वर वळलेला फुलांचा घोस पाहून त्यानें जातीला कॅन्डेलाब्रम, म्हणजे दीपवृक्ष, हें नांव दिलें, आणि वंशाला मेण व झरा ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून सेरोपेजिया म्हटलें. मलबारच्या ग्रंथांत वैद्याचें ज्ञान आणि चित्रकाराची रेषा एकत्र आलीं होतीं. लिनीयसच्या पुस्तकांत रेषा उरली, वैद्य मागें राहिले.

मुंबई इलाख्यांत ह्या विषयाचा आरंभ झाला तो रस्त्यानें. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि खंडाळा मुंबईच्या आटोक्यांत आलें. उन्हाळ्यांत मुंबईचे गोरे अधिकारी हवापालटासाठीं येथें येऊं लागले. त्यांपैकीं एक होता जॉन ग्रॅहॅम, मुंबईच्या टपाल खात्यांतील अधिकारी. टपालाच्या कामांतून वेळ काढून त्यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. ती छापखान्यांत असतांनाच, १८३९ च्या मे महिन्यांत, खंडाळ्यासच त्याचा अंत झाला. त्याचा स्नेही निम्मो यानें उरलेला भाग पुरा केला व त्याच वर्षीं पुस्तक बाहेर पडलें. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचें पहिलें पुस्तक आणि घाटमाथ्यावरचा एक मृत्यु हीं अशीं एकमेकांस जोडलेलीं आहेत.

त्याच सुमारास पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी बाग होती व तिची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन ह्या डॉक्टरकडे होती. १८४७ सालीं हाच गृहस्थ मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. गिब्सन व निकोल डॅल्झेल यांनीं मिळून १८६१ सालीं बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ लिहिला. कंदीलपुष्पाचा कंद कोरडा ठेवला तरी पुष्कळ दिवस जगतो. त्यामुळें जहाजाचा लांबचा प्रवास ह्या वनस्पतीला मानवला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच तिकडे ब्रिटनमध्यें उबेच्या काचगृहांत मुंबईकडच्या वेली फुलूं लागल्या होत्या. विल्यम हूकर यांनीं त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. सदाफुलीसारख्या पानांची म्हणून एकीला विन्कीफोलिया, आणि पाकळ्यांवर डोळ्यासारखे ठिपके म्हणून दुसरीला ओक्युलाटा अशीं नांवें पडलीं. सह्याद्रींतील ह्या वेलींना नांव मिळालें तें अशा रीतीनें सात समुद्रांपलीकडे.

मग आगगाडी आली. खंडाळा-पुणें लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला. पण खालून खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा घाट उतारूंना पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं चढावा लागे. १८६३ सालीं घाटांतला लोहमार्गही पुरा झाला. त्याचें उद्घाटन करणारे गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांचें नांव वनस्पतिशास्त्रांतही राहिलें आहे. जुन्नरकडच्या कड्यांवर वाढणाऱ्या एका मांसल, लाल-पिवळ्या तारकेसारख्या फुलाच्या वनस्पतीला डॅल्झेल यांनीं फ्रेरिया असें नांव दिलें. मराठींत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ती कंदीलपुष्पांची अगदीं जवळची आप्त आहे, आणि अलीकडे कांहीं शास्त्रज्ञ तिला सेरोपेजियाच्याच वंशांत घालतात.

आगगाडीमुळें एक महत्त्वाची गोष्ट घडली. सकाळीं मुंबई सोडून दुपारीं घाटमाथ्यावर वनस्पति गोळा करणें शक्य झालें. १९०१ ते १९०८ ह्या काळांत थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुक हे मूळचे अभियंते, व पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या मागून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस पाद्री आले. त्यांनीं व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्लस मॅक्कन यांनीं कुकच्या ग्रंथाची नव्यानें छाननी केली, आणि त्या ओघांत पांचगणीच्या पठारावरील एका कंदीलपुष्पाला पांचगणीचेंच नांव दिलें. ब्लाटर १९३४ सालीं वारले. मॅक्कन यांना तर ह्या वंशाचा छंदच जडला होता. १९४५ सालीं त्यांनीं इव्हान्साय ही नवी जाति प्रसिद्ध केली, जी पुणें जिल्ह्याच्या घाटभागांत आढळते.

खंडाळ्याचें नांव मात्र वनस्पतिशास्त्रांत कायम झालें तें हर्मेनेगिल्ड सान्तापाव यांच्यामुळें. हे स्पेनमध्यें १९०३ सालीं जन्मलेले जेझुइट पाद्री. सेंट झेवियर्समध्यें ते अध्यापक होते, आणि खंडाळ्यास त्या पंथाचें विश्रांतिगृह होतें. सुटी लागली कीं ते विद्यार्थ्यांसह गाडीनें खंडाळ्यास येत आणि आसपासच्या टेकड्या, ओहोळ व कातळ धुंडाळीत. पाऊस सुरू असतां हें काम किती अवघड असतें हें घाटांतलें धुकें अनुभवलेल्यांस सांगावयास नको: कागद ओले होतात, नमुने कुजतात, पाय घसरतात. पण कंदीलपुष्प पाहावयाचें तर त्याच दिवसांत गेलें पाहिजे. एरवीं तें दिसणार नाहीं. ह्या परिश्रमांचें फळ म्हणजे १९५३ सालीं प्रसिद्ध झालेला खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ. एका लहानशा घाटमाथ्याच्या गांवाभोवतीं कोणत्या वनस्पति वाढतात, कोठें वाढतात व केव्हां फुलतात, ह्याचा असा बारकाईचा हिशोब आपल्याकडे फारच थोड्या गांवांच्या वांट्यास आला. सान्तापाव पुढें भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, येथेंच राहिले व १९७० सालीं येथेंच वारले.

त्या खात्याची पश्चिम विभागाची कचेरी १९५५ सालीं पुण्यास स्थापन झाली, आणि कंदीलपुष्पांच्या इतिहासाची सूत्रें परदेशाकडून स्वदेशाकडे आलीं. अन्सारी, हेमाद्रि, कुलकर्णी आदि संशोधकांनीं सह्याद्रि पायाखालीं घातला. १९६० नंतरच्या वीसएक वर्षांत एकामागून एक नव्या जाती उजेडांत आल्या. अन्सारी यांनीं १९८४ सालीं भारतांतील सर्व सेरोपेजियांचा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. जुन्नरच्या डोंगरांत सांपडलेल्या एका जातीला पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांचें नांव मिळालें. एकीला सान्तापाव यांचें, सिंहगडावरील एकीला मॅक्कन यांचें, आणि एकीला ह्या वंशाची १९५७ सालीं उजळणी करणारे जर्मन विद्वान् हूबर यांचें. कोंकणांत नोकरी करणारे मुलकी अधिकारी लॉ यांचें नांव जोसेफ हूकर यांनीं पूर्वींच एका जातीस दिलें होतें. हरिश्चंद्रगडावर वाढणारी ही जाति अनेक दशकें कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती पुन्हां सांपडली.

ह्या नामावळीवरून नजर फिरविली तर तींत मुलकी अधिकारी आहे, पाद्री आहे, प्राध्यापक आहे. गुराखी मात्र नाहीं. ह्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. नांव देणाराला फूल पाहिजे असतें, कारण वर्गीकरण फुलावरून होतें. कंदावरून झाड ओळखणाराची त्या पद्धतींत जागाच नसते. तथापि ह्या विभागणीची किंमत वनस्पतीला मोजावी लागली. कंद ओळखणाराला तो केवढा दुर्मिळ आहे हें कोणी सांगितलें नाहीं. आणि फूल ओळखणाऱ्या शहरवासीयाला आपण ज्या जमिनीवर उभे आहों तिच्या वीतभर खालीं काय आहे ह्याची कल्पना राहिली नाहीं.

ह्या दुसऱ्या अज्ञानाचें फळ लोणावळ्याइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल. विजेसाठीं बांधलेल्या तलावांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील दऱ्याखोऱ्यांचें रूप पालटलें. पुढें बंगल्यांच्या वसाहती वाढल्या, आणि २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग पूर्ण झाल्यावर घाटमाथा मुंबईच्या अधिकच जवळ आला. बंगला बांधतांना माळ सपाट करतात, वर दुसरीकडची माती टाकून हिरवळ लावतात. हें काम बहुधा हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत चालतें, म्हणजे कंदीलपुष्प जमिनीखालीं निजलेलें असतें तेव्हां. मोठें झाड तोडलें तर निदान हळहळ होते. येथें काय गेलें हें करणारालाही कळत नाहीं. वणव्याला टिकणारा कंद फावड्याला टिकत नाहीं. त्यांतून ह्या वनस्पतीचें बीज सहजासहजीं धरत नाहीं, फूल मोठें करण्यापूर्वींच शेळी शेंडा खाते, आणि कित्येक जातींचें क्षेत्र एखाद्या डोंगररांगेपुरतेंच असतें. अशी जाति एका डोंगरावरून गेली म्हणजे ती जगांतूनच गेली.

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्रा. एस. आर. यादव व त्यांचे सहकारी यांनीं ह्या वंशाचा ध्यास घेतला. त्यांनीं सह्याद्रींतील दुर्मिळ जाती शोधून त्या विद्यापीठाच्या बागेंत वाढविल्या, प्रयोगशाळेंत त्यांचीं रोपें तयार केलीं, व कांहीं रोपें पुन्हां डोंगरांत नेऊन लावलीं. बागेंत वाढलेली वनस्पति म्हणजे पेढींत ठेवलेली ठेव. ती बुडत नाहीं, पण तिचा संसार डोंगरावरच व्हावयाचा असतो, कारण तिच्या कैदी माशा तेथें आहेत.

मावळापुरतें बोलावयाचें तर एक मोठें साधन हाताशीं आहे. खंडाळ्याच्या भोंवतालीं १९५० च्या आगेमागें काय उगवत होतें ह्याची नोंद सान्तापाव यांच्या ग्रंथांत आहे. भाद्रपदांतल्या एखाद्या रविवारीं शाळेचे विद्यार्थी ती नोंद बरोबर घेऊन त्याच टेकड्यांवर गेले, आणि वाटाड्या म्हणून त्यांनीं एखाद्या वाडीवरच्या म्हाताऱ्या गुराख्याला सोबत घेतलें, तर फूल दाखविणारें पुस्तक आणि कंद दाखविणारा माणूस हे दोघे पुष्कळ वर्षांनीं एकत्र येतील. हॉर्टस मलबारिकसच्या वेळीं तसें झालें होतें, आणि म्हणूनच तो ग्रंथ अद्याप वाचला जातो. जेथें वेल अजून असेल तेथें त्याचें स्थान लिहून ठेवावें. जेथें नसेल तेथें नाहीं असेंही लिहून ठेवावें. आणि कंद मात्र जमिनींतच राहूं द्यावा.